रामकथा रंगविणारे राजे : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सुवर्णमहोत्सवाचे वर्ष हे कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात जमाखर्च मांडण्याचे वर्ष असते. पन्नास वर्षांत किती गणेशोत्सव झाले, किती नाटके बसविली, किती व्याख्याने ऐकली याची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. आम्ही येथे एका निराळ्या जमेचा विचार करणार आहोत. आपल्या वाडवडिलांनी नर्मदाकाठच्या या जबलपुरात, कोणी रेल्वेच्या, कोणी तोफगाडी कारखान्याच्या, कोणी शाळा-महाविद्यालयाच्या चाकरीनिमित्त येऊन जे बरोबर आणले, त्यातले आपण मुलांच्या हाती काय ठेवले, हा तो विचार होय.

मंडळात रविवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग भरतो. ही मुले घरी मराठी ऐकतात, रस्त्यात हिंदी बोलतात आणि शाळेत इंग्रजी शिकतात. देवनागरी लिपी त्यांच्या ओळखीची असल्यामुळे मराठी पुस्तक ती अडखळत का होईना वाचतात. परंतु ‘ळ’ हे अक्षर आले की जीभ अडते आणि बाळाचा ‘बाल’ होतो. अशा मुलांना ज्ञानेश्वरीतील उपमा किंवा रामकथेतील धर्मसंकट शब्दांच्या बळावर समजावून देणे किती अवघड असते, याचा अनुभव त्या वर्गात बसणाऱ्या प्रत्येकास आहे. एकदा या मुलांना घेऊन आम्ही भेडाघाटास गेलो होतो. संगमरवरी खडकांच्या भिंतींमधून नाव चालली असता एका सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारले की हे सगळे कोणी केले, आणि ज्याने केले त्याला कोणी केले. नावेत बसलेल्या आम्हां मोठ्या माणसांपैकी एकाने पुराणातली नर्मदेची जन्मकथा सांगितली. दुसऱ्याने चुनखडीचा दगड भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने संगमरवर कसा होतो, ते सांगितले. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्यच होती. परंतु मुलीचा प्रश्न दोन्हींच्या पलीकडे उरला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वर्गात एक जुने चित्रमय पुस्तक नेले. मुले त्यावर ओणवी झाली. कोण राजा, कोण राक्षस, ही बाई का रडते, हा मुलगा धनुष्य का उचलतो, असे प्रश्न सुरू झाले आणि घंटाभर वर्ग आपोआप चालला. शब्द जेथे थबकले होते तेथे चित्राने वाट करून दिली. त्या दिवशी आम्हांस प्रकर्षाने आठवण झाली ती औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने रामायण रंगवून ते पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवणाऱ्या या राजाचे चरित्र आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे यावे, असे तेव्हाच मनात आले.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. प्रतिनिधींचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील किन्हईचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या आणि ताराबाईंच्या बिकट काळात परशुराम त्रिंबक यांनी जी कामगिरी केली, तिच्यामुळे हे घराणे नावारूपास आले आणि प्रतिनिधिपद त्यांच्या वंशात स्थिर झाले. राज्ये गेली, पेशवाई गेली, तरी औंधचे छोटेसे संस्थान या घराण्याकडे राहिले. छोटेसे म्हणण्याचे कारण असे की त्यात अवघी ७२ गावे होती, आणि तीही सलग नसून सातारा, सांगली आणि विजापूर या बाजूंना विखुरलेली होती. मुलूख बहुतेक दुष्काळी, पावसावर भरवसा नाही, खजिना बेताचा. टेकडीवरील श्रीयमाई हे घराण्याचे कुलदैवत, आणि तिच्या पायथ्याशी वसलेले औंध ही राजधानी.

बाळासाहेबांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले आणि ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. संस्थानिकाच्या मुलाने पदवी मिळविणे ही त्या काळी नित्याची गोष्ट नव्हती. वडील श्रीनिवासराव यांच्या हाताखाली त्यांनी संस्थानच्या कारभाराचा अनुभव घेतला. गादी मात्र त्यांच्याकडे सरळ आली नाही. मधली काही वर्षे घराण्यातील इतरांकडे राहून अखेर १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते औंधचे अधिपती झाले. पुढे संस्थान विलीन होईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला.

राजेपणाच्या आधीपासूनच त्यांना दोन छंद जडले होते आणि ते दोन्ही अखेरपर्यंत सुटले नाहीत. एक चित्रकलेचा आणि दुसरा कीर्तनाचा. राजाने चित्रे विकत घ्यावीत हे लोकांना ठाऊक होते. राजाने स्वतः कुंचला घेऊन तासन् तास बसावे, हे नवीन होते. तसेच राजाने कीर्तनकारास बिदागी द्यावी हे रूढ होते; राजाने स्वतः देवळात उभे राहून आपल्या प्रजेपुढे आख्यान लावावे, हे मात्र क्वचितच कोणी पाहिले असेल. वरवर पाहता हे दोन छंद निराळे वाटतात. आमच्या मते ते एकच होते. कीर्तनाच्या पूर्वरंगात एखादा विचार मांडावा, आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातील माणसांच्या रूपाने श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा करावा, ही आपली जुनी रीत आहे. कीर्तनकार जे शब्दांनी, स्वरांनी आणि हातवाऱ्यांनी उभे करतो, तेच बाळासाहेबांनी रंगांनी उभे केले. श्रोता तोच होता, म्हणजे ज्याला पोथी वाचता येत नाही असा खेड्यातला माणूस आणि त्याच्या मांडीवर बसलेले मूल.

१९१६ साली त्यांचे ‘चित्ररामायण’ मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. रामकथेतील प्रसंग क्रमाने घेऊन त्यांवर त्यांनी स्वतः चित्रे काढली होती आणि चित्रांच्या जोडीला त्या त्या प्रसंगाचे निवेदन होते. त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. आज घरोघरी रंगीत छपाई होते म्हणून त्या काळी हे किती मोठे धाडस होते याची कल्पना आपणांस येणार नाही. पहिल्या महायुद्धाचे दिवस, कागद आणि शाई महाग, रंगीत ठसे करणे खर्चाचे, आणि त्यात एखादे दुसरे नव्हे तर संपूर्ण कथेची चित्रमाला! लहानशा संस्थानाच्या अधिपतीने एवढा खटाटोप करण्यामागे हौस होती हे खरे. परंतु केवळ हौसेने इतकी चित्रे पुरी होत नाहीत. त्यामागे आपल्या माणसांना काही दाखवावयाचे आहे ही तळमळ असावी लागते.

या तळमळीला आपल्याकडे मोठी पूर्वपरंपरा आहे, हे येथे सांगणे अवश्य आहे. सावंतवाडीच्या मुलखात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची पोथी मांडून कथा सांगत आले आहेत. एक चित्र उचलावयाचे, त्यावरची कथा वाद्याच्या साथीने गावयाची, मग पुढचे चित्र. त्या परंपरेचे एक प्रमुख कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे अनेकांना स्मरत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविली. त्यानंतर राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. बाळासाहेबांचे कार्य या मालिकेत बसते. मात्र एक भेद आहे. भिंतीवरचे चित्र पूजेसाठी होते. त्यास हात जोडावयाचे आणि पुढे जावयाचे. पुस्तकातील चित्र मांडीवर घेता येते, पान मागे उलटता येते, बोट ठेवून विचारता येते. देवाविषयी प्रश्न विचारण्याची मोकळीक मुलाला भिंतीवरचे चित्र देत नाही, पुस्तकातले देते. आमच्या रविवारच्या वर्गात आम्ही जे पाहिले, ते हेच होते.

रामायणानंतर बाळासाहेबांचे लक्ष महाभारताकडे वळले. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले होते. दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, महाभारताची सचित्र आणि शुद्ध आवृत्ती निघावी ही कल्पना बाळासाहेबांनी त्या संस्थेपुढे मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांचे देणे जाहीर केले. बेताच्या उत्पन्नाच्या संस्थानाने १९१८ साली कबूल केलेली ही रक्कम लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली हे काम शास्त्रशुद्ध पायावर उभे राहिले. देशभरातून १,२५९ हस्तलिखिते मिळवून ताडून पाहण्यात आली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली निघाला आणि महाभारताची ही चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. जगभरच्या विद्वानांनी डोक्यावर घेतलेल्या या प्रचंड ग्रंथाचा आरंभ एका राजाच्या सचित्र महाभारताच्या इच्छेतून झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून बाळासाहेबांचे नाव आहे, आणि ती चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली असल्याचाही तेथे उल्लेख आहे.

हा प्राचीन नमुन्यांचा ध्यास त्यांनी पुढे चांगलाच जोपासला. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी सचित्र पुस्तके लिहिली. वेरुळावरचे १९२९ साली आणि अजिंठ्यावरचे १९३२ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पूर्वजांनी देव, माणूस, झाड, हत्ती, हरिण कसे पाहिले हे पुढच्या पिढीने पाहावे, हा त्यामागचा हेतू होता. आमच्या घराजवळच्या भेडाघाटी चौसष्ट योगिनींच्या मंदिरात कलचुरी काळातील मूर्ती आहेत. त्यांतील बहुतेक भग्न आहेत. आपण मुलांना तेथे नेतो, धुवाधार दाखवितो, नावेत बसवितो, आणि त्या मूर्तींपुढून मात्र घाईने निघून येतो. दगडात कोरलेले हे चित्रांचे पुस्तक आपण उघडतच नाही, असे बाळासाहेबांचे चरित्र वाचताना वाटून गेले.

१९१८ सालीच औंधास आणखी एका व्यक्तीचे आगमन झाले. ते म्हणजे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. १८६७ साली सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे जन्मलेले सातवळेकर मूळचे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. वेदांवरील लेखनामुळे इंग्रज सरकारचा रोष पत्करून, ठिकठिकाणी भ्रमंती करून ते औंधास आले आणि तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले. वेदसंहितांचे शुद्ध मुद्रण, हिंदी-मराठी भाष्ये, आणि ज्या पुस्तकावरून हजारो माणसे घरबसल्या संस्कृत शिकली तो ‘संस्कृत स्वयंशिक्षक’, हे सारे त्यांचे कार्य. एका लहानशा गावात एक राजा रामायण रंगवितो आणि एक चित्रकार वेद छापतो, असे ते दृश्य होते. हिंदी प्रांतात राहणाऱ्या आम्हांस सातवळेकरांचे विशेष अगत्य वाटते, कारण त्यांची पुस्तके मराठी घरांइतकीच हिंदी घरांतही वाचली गेली.

वेदांचा विषय निघाला म्हणून नावेतल्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे क्षणभर वळतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. सृष्टी कोठून झाली, आरंभी काय होते, हे कोणास ठाऊक आहे, असा प्रश्न त्यात ऋषीने विचारला आहे; आणि विशेष म्हणजे शेवटीही तो प्रश्नच ठेवला आहे. ज्या प्रश्नाला ऋषीने प्रश्नच राहू दिले, त्याचे तयार उत्तर मुलाच्या तोंडी कोंबण्याची आपणांस घाई का व्हावी? महाभारताच्या आदिपर्वात समुद्रमंथनाची कथा आहे. देव आणि दानव मिळून सागर घुसळतात, त्यातून विषही निघते आणि अमृतही. हे चित्र मुलापुढे ठेवले की ते सृष्टीविषयी आपल्या परीने विचार करू लागते. विष कोणी प्यायले, पर्वत खाली का बुडाला नाही, अमृत सगळ्यांना का दिले नाही, असे ते विचारते. या प्रश्नांतूनच धर्मविचाराचा आरंभ होतो, असे आम्हांस वाटते.

बाळासाहेबांनी सृष्टीचे कौतुक केवळ चित्रांपुरते ठेवले नाही. त्यांनी ते अंगवळणी पाडले. सूर्यनमस्कार हे त्यांच्या आयुष्याचे तिसरे व्रत. ते स्वतः नित्य नेमाने सूर्यनमस्कार घालीत, घरातील मंडळींकडून घालवून घेत, आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सक्तीचे केले. १९२८ साली या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ साली ते विलायतेस गेले असता तेथील लोकांस या व्यायामाचे मोठे कुतूहल वाटले, आणि १९३८ साली लंडनमध्येही त्यावर पुस्तक प्रसिद्ध झाले. आज जगभर योगाच्या वर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात, त्या प्रसारात औंधच्या या राजाचा वाटा मोठा आहे. बीजमंत्र म्हणत उगवत्या सूर्यास साष्टांग नमस्कार घालणाऱ्या मुलाला सृष्टी आणि आपले शरीर यांचे नाते व्याख्यानावाचून कळते. सक्ती किती असावी, याबद्दल मतभेद होऊ शकेल. कित्येक मुलांनी ते नमस्कार कंटाळत आणि मास्तरांच्या धाकाने घातले असतील. राजाचा उत्साह प्रजेला नेहमीच पेलतो असे नाही, हेही चरित्रकाराने मान्य केले पाहिजे.

विद्या आणि उद्योग यांना त्यांनी दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना त्यांनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. संस्थानातील शाळांतून गरीब घरची मुले शिकली. त्यांतील तिघांची नावे सांगितली तरी पुरे. माडगुळे गावचे गजानन दिगंबर माडगूळकर, त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर, आणि आटपाडीच्या महार वाड्यात वाढलेले शंकरराव खरात. हे तिघेही औंध संस्थानच्या मातीतले आणि तिघेही पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गदिमा १९७३ साली यवतमाळास, व्यंकटेश १९८३ साली अंबाजोगाईस आणि खरात १९८४ साली जळगावास. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर, ५६ गीतांतून, ते महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. ज्या संस्थानाच्या राजाने रामायण रंगविले, त्याच संस्थानातल्या एका मुलाने ते गीतांत आणले. एकातून दुसरे निघाले असा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्या गावात देवळात राजा कीर्तन करतो आणि शाळेच्या पोरांना रामकथा डोळ्यांनी पाहावयास मिळते, तेथल्या हवेत काही असते एवढे म्हणण्यास हरकत नाही.

स्वतः बाळासाहेबही संमेलनाध्यक्ष झाले होते, आणि तेही आपल्याच प्रांती. १९३५ सालचे संमेलन इंदुरास भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. नर्मदेच्या या बाजूस राहणाऱ्या मराठी माणसाचे महाराष्ट्राशी असलेले नाते तुटू नये, यासाठी जी संमेलने बृहन्महाराष्ट्रात भरली, त्यांत इंदूरच्या संमेलनाचे स्थान आहे. आपल्या मंडळासारख्या संस्थांना त्याची आठवण असणे उचित होय.

१९३८ साली औंधच्या टेकडीवर, यमाईच्या वाटेवर, श्रीभवानी संग्रहालय उभे राहिले. राजवाड्यात ठेवता आला असता असा संग्रह त्यांनी लोकांसाठी मांडला. राजा रविवर्मा, धुरंधर आदी चित्रकारांची चित्रे, बाळासाहेबांच्या स्वतःच्या हातची चित्रे, जुन्या पोथ्या, लाकडावरचे आणि हस्तिदंती कोरीव काम, आणि त्याबरोबरच हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराने घडविलेली माता आणि बालक यांची पाषाणमूर्ती, असा तो विविध संग्रह आहे. देवदर्शनास येणारा शेतकरी बायकापोरांसह वाटेत थांबून हे सारे पाहू शकतो. देवळाच्या वाटेवर चित्रशाळा, ही योजना आम्हांस फार बोलकी वाटते.

याच सुमारास त्यांच्या हातून सर्वांत मोठे कृत्य घडले. १९३८ साली त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, जे भारतानंद या नावाने ओळखले जात, यांच्या पुढाकाराने राज्याचा अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे ठरले. त्यासाठी ही मंडळी सेवाग्रामी गांधीजींकडे गेली आणि त्यांच्या मार्गदर्शनाने ग्रामपंचायतींच्या पायावर राज्यघटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधात स्वराज्याचा कायदा अमलात आला. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च १९३९ मध्ये, आपल्या जबलपुराजवळ त्रिपुरीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या वेळी देशभर संस्थानी प्रजेच्या हक्कांची चर्चा चालू होती, आणि औंधच्या राजाने आपणहून ते हक्क देऊनही टाकले होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बंदिस्त भिंती नसलेली कैद्यांची वसाहतही त्याच काळातली. तिच्यावरून पुढे गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, हे सर्वांना माहीत आहे.

चित्रे काढणारा, कीर्तन करणारा, नमस्कार घालणारा राजा आणि सत्ता सोडणारा राजा यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की रामकथा ज्याने रंगविली त्याने राज्य सोडून वनात निघालेल्या रामाचे चित्र कित्येक दिवस डोळ्यांपुढे ठेवलेले असते. मुखाने म्हटलेली कथा विसरता येते. हाताने काढलेली तितक्या सहज विसरता येत नाही. हे आमचे अनुमान आहे, पण ते आम्हांस सोडवत नाही.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी सातवळेकरही औंध सोडून गुजरातेतील पारडीस गेले आणि तेथे त्यांनी १९६८ साली, शतायुषी होऊन, देह ठेवला. बाळासाहेब विलीनीकरणानंतर फार वर्षे राहिले नाहीत. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रांचे कलेच्या दृष्टीने मोल काय, याबद्दल जाणकारांचे मत सारखे नाही. पाश्चात्त्य वळणाची रेखाटणी, नाटकातल्यासारखे हावभाव, कोठे कोठे अवघडलेली अंगलट, हे दोष दाखविता येतात. आणि रविवर्म्यांशी किंवा धुरंधरांशी त्यांची तुलना करणे त्यांस स्वतःसही रुचले नसते. दुसराही एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. चित्राने देवाला एक ठरावीक चेहरा मिळतो आणि मुलाची कल्पना तेथेच अडकते, असे काही जण म्हणतात. निर्गुणाचे गाणे गाणाऱ्या संतांच्या वारसांनी हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. परंतु आमच्या वर्गात आम्ही एक उपाय करून पाहिला. पुस्तक मिटून मुलांना कोरे कागद दिले आणि त्याच प्रसंगाचे चित्र काढावयास सांगितले. एका मुलाने रामाला शाळेचे दप्तर दिले. एकाने लंकेत आगगाडी नेली. नावेतल्या त्या मुलीने समुद्रमंथन काढले, पण तिचा समुद्र भेडाघाटच्या दोन पांढऱ्या कड्यांच्या मध्ये होता आणि वर, कोणीच नसलेल्या आकाशात, तिने एक मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. चित्राने कल्पना अडकत नाही. चित्र पाहून झाल्यावर पुस्तक मिटण्याचे भान मोठ्यांना नसले, तर अडकते.

१९५२ साली मराठीत ‘चांदोबा’ आला, १९६७ साली अमर चित्र कथा सुरू झाली, १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ निघाले. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण यांच्याच पानांत गेले. त्या सर्वांच्या आधी एका दुष्काळी संस्थानाच्या राजाने कुंचला उचलला होता. आज मुलांच्या हातातील पडद्यावर चित्रे धावतात. ती थांबत नाहीत आणि मुलाच्या प्रश्नासाठी वाटही पाहत नाहीत. पुस्तकातले चित्र थांबते. त्याच्या शेजारी बसून कथा सांगणारे कोणी असले, तर मूल आपली भाषाही त्याच बैठकीत उचलते. आजीच्या तोंडचा ‘ळ’ पाठ्यपुस्तकातून येत नाही. चित्रावर बोट ठेवून ऐकलेल्या गोष्टीतून येतो.

मंडळाच्या ग्रंथालयात कादंबऱ्यांची कपाटे भरलेली आहेत. लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांस एकच खण आहे आणि तोही उंचावर, जेथे त्यांचा हात पोहोचत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो खण खाली आणावा, त्यात दरवर्षी चार पुस्तकांची भर घालावी, आणि रविवारी आळीपाळीने एका आजोबांनी किंवा आजींनी तेथे बसावे, एवढीच आमची विनंती आहे. औंधचे राजे सिंहासनावरून उतरून देवळाच्या सभामंडपात उभे राहिले. आपणांस तर केवळ खुर्चीवरून उतरून सतरंजीवर मुलांच्या शेजारी बसावयाचे आहे.